घराचे वजन विचारणारा गृहस्थ : बकमिन्स्टर फुलर

आपल्या शास्त्रकारांनी मुनिधर्म आणि श्रावकधर्म असे धर्माचे दोन मार्ग सांगितले. मुनी घराचा त्याग करतात. श्रावकाला मात्र घर सांभाळूनच धर्म आचरावयाचा असतो. त्याच्यासाठी जी पाच अणुव्रते सांगितली, त्यांतील पाचवे परिग्रह-परिमाणाचे. आपल्याजवळ काय आणि किती असावे, याची मर्यादा मनुष्याने स्वतः घालून घ्यावी, असा त्याचा आशय आहे. ज्या वस्तूंना मर्यादा घालावयाची, त्यांच्या गणनेत धन, धान्य, सुवर्ण यांच्याबरोबर क्षेत्र आणि वास्तू, म्हणजे जमीन आणि घर, यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. तथापि व्रत घेणारा श्रावक आपण किती घरे ठेवू, एवढेच बहुधा ठरवतो. त्या एका घरासाठी किती दगड, किती लोखंड, किती लाकूड आणि किती पाणी खर्ची पडले, याचा हिशेब क्वचितच कोणी मांडतो.

हा हिशेब आयुष्यभर मांडणारा एक गृहस्थ विसाव्या शतकात अमेरिकेत होऊन गेला. त्यांचे नाव रिचर्ड बकमिन्स्टर फुलर. ते जैन नव्हते आणि आपल्या तत्त्वज्ञानाचे अभ्यासकही नव्हते. परंतु कमीत कमी द्रव्य वापरून अधिकात अधिक माणसांना निवारा कसा देता येईल, या एकाच प्रश्नापाठीमागे त्यांनी पन्नासहून अधिक वर्षे वेचली. कोणतीही इमारत पाहिली की तिचे वजन किती, असा प्रश्न ते विचारीत. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी एका परदेशी, परधर्मीय गृहस्थाचे चरित्र वाचकांसमोर ठेवण्याचे प्रयोजन एवढेच, की जी गोष्ट आपण व्रत म्हणून जाणतो, तीच त्यांनी आपल्या दुःखातून आणि गणितातून शोधून काढली.

बालपण आणि शिक्षण

फुलर यांचा जन्म १२ जुलै १८९५ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील मिल्टन या गावी झाला. घराणे जुने आणि सुशिक्षित होते. एकोणिसाव्या शतकातील विख्यात लेखिका मार्गारेट फुलर या त्यांच्या आजोबांच्या भगिनी. बकमिन्स्टर यांची दृष्टी जन्मतःच सदोष होती. चौथ्या वर्षी चष्मा लागेपर्यंत त्यांना माणसांचे चेहरे दिसत नसत, केवळ रंगांचे ठळक आकार दिसत. बालवाडीत शिक्षिकेने मुलांना भिजवलेले वाटाणे आणि दात कोरण्याच्या काड्या देऊन घर बनवावयास सांगितले. इतर मुलांनी डोळ्यांना परिचित असलेली चौकोनी घरे बनवली. फुलर यांनी हातांनी चाचपून जो आकार डगमगत नाही तोच धरला. तो त्रिकोण होता. पुढे त्यांना जगभर कीर्ती मिळवून देणाऱ्या रचनेचे बीज या बालपणीच्या खेळात होते, असे ते स्वतः सांगत.

कुटुंबाचे मेन राज्याच्या किनाऱ्यावर बेअर नावाचे एक लहान बेट होते. तेथील उन्हाळ्यात त्यांनी होड्या, दोर, शिडे आणि डोलकाठ्या यांची ओळख करून घेतली. समुद्रावर जड वस्तूला किंमत नसते, तेथे हलके आणि मजबूत तेच तरते, हा धडा त्यांना तेथे मिळाला. १९१० मध्ये वडील निवर्तले. १९१३ मध्ये कुलपरंपरेप्रमाणे त्यांनी हार्वर्ड विद्यापीठात प्रवेश घेतला. परंतु अभ्यास सोडून न्यूयॉर्कच्या नाट्यगृहातील नर्तकींच्या मेजवान्यांवर पैसा उधळल्यामुळे त्यांना काढून टाकण्यात आले. घरच्यांनी शिस्त लागावी म्हणून त्यांना कॅनडातील शेरब्रुक येथे एका कापड गिरणीत यंत्रे बसवण्याच्या कामावर पाठवले. आम्हा कापडाच्या व्यापाऱ्यांना विशेष वाटावे अशी गोष्ट म्हणजे, या पुढे विश्वविख्यात झालेल्या रचनाकाराने यंत्रशास्त्राचे पहिले धडे सूतगिरणीत गिरवले. मोडलेले भाग स्वतः आखून, घडवून बसवण्याचे कसब ते तेथे शिकले. हार्वर्डने त्यांना पुन्हा घेतले आणि पुन्हा काढले. पदवी त्यांना शेवटपर्यंत मिळाली नाही.

विवाह आणि पहिले अपत्य

१२ जुलै १९१७ रोजी, आपल्या बाविसाव्या वाढदिवशी, फुलर यांचा ॲन ह्यूलेट यांच्याशी विवाह झाला. ॲन या न्यूयॉर्कचे नामांकित वास्तुविशारद जेम्स मन्रो ह्यूलेट यांच्या कन्या. पहिले महायुद्ध चालू होते आणि फुलर नौदलात दाखल झाले होते. समुद्रात कोसळून उलटलेल्या विमानांतील वैमानिक बुडून मरत असत. अशी विमाने पाण्यातून झटकन उचलता यावीत म्हणून फुलर यांनी नौकेवर बसवण्याची एक यारी तयार केली.

डिसेंबर १९१८ मध्ये या दांपत्यास अलेक्झांड्रा ही कन्या झाली. तो काळ जगभर इन्फ्लुएंझाच्या साथीचा होता. त्या चिमुकलीला एकामागून एक आजारांनी गाठले. मेंदूच्या आवरणाचा दाह आणि बालपक्षाघात यांतून ती वाचली, परंतु पूर्ण बरी झाली नाही. नोव्हेंबर १९२२ मध्ये, चौथा वाढदिवस जवळ आला असताना, तिने आईवडिलांच्या सान्निध्यात प्राण सोडला.

या मृत्यूची एक हकिगत फुलर वृद्धपणीही सांगत आणि सांगताना व्याकूळ होत. ते फुटबॉलचा सामना पाहण्यासाठी परगावी निघाले असता मुलीने तेथून आपल्यासाठी एक छोटी काठी आणण्यास सांगितले होते. सामन्यानंतर मित्रांसमवेत मद्यपानात वेळ गेला आणि काठी विसरली. ते परतले तेव्हा मुलीची शुद्ध हरपली होती. क्षणभर डोळे उघडून तिने काठी आणली का, एवढेच विचारले. त्यांचे हात रिकामे होते.

आपली मुलगी आजाराने गेली हे खरे असले, तरी ओल धरणारी, वारा न खेळणारी, थंडी न अडवणारी घरेही अशा मृत्यूंना कारण होतात, असे फुलर यांच्या मनाने घेतले. मनुष्य जहाजे आणि विमाने शास्त्राने बांधतो. मग ज्या घरात लहान मूल वाढावयाचे, ते घर मात्र जुन्या वहिवाटीने का बांधतो, हा प्रश्न त्यांना सोडीना.

व्यवसायातील अपयश आणि १९२७ चे वर्ष

सासऱ्यांच्या साहाय्याने फुलर यांनी घरबांधणीचा व्यवसाय सुरू केला. लाकडाचा भुगा आणि तासकाम दाबून केलेल्या हलक्या ठोकळ्यांना भोके ठेवावयाची, ते एकमेकांवर रचावयाचे आणि भोकांतून काँक्रीट ओतावयाचे, अशी ही पद्धत होती. ठोकळा हाताने सहज उचलता येई. या रीतीने सुमारे २४० इमारती बांधण्यात आल्या. परंतु नवी पद्धत पाहून गवंडी आणि स्थानिक अधिकारी नाखूश असत, आणि फुलर हे हिशेबाच्या बाजूस कच्चे होते. १९२७ मध्ये कंपनी दुसऱ्यांच्या हाती गेली आणि त्यांना बाहेर पडावे लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दुसरी कन्या अलेग्रा जन्मास आली. खिशात पैसा नाही, घरात तान्हे मूल, मनात गेलेल्या मुलीचे शल्य, अशा अवस्थेत बत्तीस वर्षांचे फुलर शिकागो नगरीत होते.

मिशिगन सरोवराच्या काठी उभे राहून आपण जीव देण्याचा विचार केला, असे ते पुढे अनेक व्याख्यानांत सांगत. त्या क्षणी त्यांना वाटले, की आपले जीवन ही केवळ आपली मालमत्ता नव्हे. आजवर जे अनुभव गाठीस बांधले ते इतरांच्या उपयोगी पडावेत यासाठी आहेत. त्यांनी आत्मघाताचा विचार सोडला आणि एक सामान्य, निर्धन, कुटुंबवत्सल मनुष्य जगासाठी किती करू शकतो, याचा प्रयोग स्वतःवरच करावयाचे ठरवले. येथे एक गोष्ट नमूद करणे अगत्याचे आहे. फुलर यांची कागदपत्रे तपासणाऱ्या उत्तरकालीन अभ्यासकांना १९२७ च्या पत्रव्यवहारात अशा प्रसंगाचा स्पष्ट मागमूस आढळला नाही. अनेक वर्षांची निराशा त्यांनी एका क्षणात गुंफून सांगितली असावी, असे त्यांचे मत आहे. प्रसंगाचा तपशील कसाही असो, त्यानंतरच्या वर्षांतील काम मात्र कागदोपत्री आणि प्रत्यक्ष उभे आहे.

त्यांनी आपल्या जीवनाची जणू कीर्द लिहावयास घेतली. आलेली-गेलेली पत्रे, बिले, टिपणे, रेखाटने, कात्रणे, सारे ते तारीखवार जपून ठेवीत. यशाबरोबर अपयशाचे कागदही त्यात आहेत. हा संग्रह पुढे शेकडो फूट लांबीच्या मांडणीत मावेल एवढा झाला आणि १९९९ पासून तो स्टॅनफर्ड विद्यापीठात आहे. ज्या अभ्यासकांनी फुलर यांच्या सांगण्यातील फरक दाखवला, त्यांना तो पुरावा फुलर यांच्याच कीर्दीने पुरवला, ही त्यांच्या प्रामाणिकपणाची खूण मानावी लागेल.

डायमॅक्सियन घर

१९२८-२९ मध्ये फुलर यांनी एका घराची कल्पना मांडली. मध्ये एक खांब, आणि त्यापासून तारांनी टांगलेले षट्कोनी, ॲल्युमिनियमचे घर. आपली नेहमीची घरे भिंतीवर भार टाकून उभी राहतात; एकावर एक दगड ठेवला की खालचा दगड दाबला जातो, म्हणून खालची भिंत जाड लागते. फुलर यांनी दाबाचे काम एका खांबाला दिले आणि बाकी सारे काम ताणलेल्या तारांवर सोपवले. दाबाखाली वाकण्याची भीती असते, ताणात ती नसते. म्हणून बारीक तारही मोठा भार पेलते. शिकागोच्या मार्शल फील्ड या मोठ्या दुकानात १९२९ मध्ये या घराची प्रतिकृती मांडण्यात आली, आणि त्या वेळी दुकानाच्या जाहिरातीसाठी डायमॅक्सियन हा शब्द घडवण्यात आला. हाच शब्द पुढे फुलर यांच्या प्रत्येक कृतीला चिकटला.

१९३० च्या दशकात त्यांनी साच्यातून काढलेले, धातूचे तयार स्नानगृह बनवले. स्नानासाठी धारेऐवजी हवेच्या दाबाने उडणारे पाण्याचे सूक्ष्म तुषार वापरावेत, म्हणजे अगदी थोड्या पाण्यात अंग स्वच्छ होईल, अशी त्यांची योजना होती. पाणी गाळून आणि जपून वापरण्याचा संस्कार ज्यांच्या घरी आजीपासून चालत आला, त्यांना या योजनेचे मर्म वेगळे सांगावयास नको. १९३३ मध्ये त्यांनी तीन चाकांची मोटारही तयार केली. मात्र त्याच वर्षी शिकागो येथे एका अपघातात तिच्या चालकाचा मृत्यू झाला आणि तो प्रयत्न पुढे टिकला नाही. १९४० मध्ये धान्य साठवण्याच्या पत्र्याच्या गोल कणग्या पाहून त्यांना तशाच स्वस्त, गोल खोल्या सुचल्या. त्या तयार झाल्या, परंतु युद्धामुळे पोलादाची टंचाई झाली आणि बहुतेक खोल्या सैन्याकडे गेल्या.

शस्त्रांच्या कारखान्यातून घर

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस फुलर यांना मोठी संधी मिळाली. कॅन्सस राज्यातील विचिटा येथे बीच एअरक्राफ्ट ही विमान कंपनी सैन्यासाठी विमाने बनवीत असे. युद्ध संपल्यावर त्या कारखान्यांचे आणि कामगारांचे काय, हा प्रश्न होता. फुलर यांचे उत्तर असे, की ज्या हातांनी आणि ज्या ॲल्युमिनियमने मृत्यूची साधने घडवली, त्यांनीच आता जगण्याची साधने घडवावीत. जगातील उत्तम धातू, उत्तम बुद्धी आणि सर्वाधिक पैसा शस्त्रांकडे वळतो आणि उरलेसुरले घराच्या वाट्यास येते, ही त्यांची कायमची खंत होती.

१९४५-४६ मध्ये तेथे गोल, चकचकीत, ३६ फूट व्यासाचे घर तयार झाले. आतील जागा सुमारे १,००० चौरस फूट आणि वजन सुमारे ३ टन. सारे घर सुटे करून एका मोठ्या नळकांड्यात भरून कोठेही पाठवता येई. छतावरील झडप वाऱ्याबरोबर फिरून आतील हवा खेळती ठेवी. किंमत सुमारे ६,५०० डॉलर ठरली. वर्तमानपत्रांतून माहिती आल्यावर युद्धावरून परतलेल्या हजारो कुटुंबांची चौकशीची पत्रे आली. परंतु भांडवलदार उत्पादनाची घाई करीत होते आणि फुलर यांना रचना अजून परिपूर्ण वाटत नव्हती. त्यांनी होकार दिला नाही, कंपनी मोडली. केवळ दोन नमुने बनले. ते एका स्थानिक व्यापाऱ्याने विकत घेतले आणि त्यांपासून स्वतःचे घर केले. त्याचे कुटुंब तेथे अनेक वर्षे राहिले. ते घर १९९१ मध्ये डिअरबर्न येथील हेन्री फोर्ड संग्रहालयाकडे आले आणि दुरुस्तीनंतर २००१ पासून लोकांस पाहावयास मिळाले.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने पाहता यात फुलर यांचा दोष उघड आहे. मागणी दारी उभी असताना माल बाजारात न आणणारा धंदा टिकत नाही. ज्या सामान्य कुटुंबांसाठी घर बनवले, त्यांच्यापर्यंत ते पोहोचलेच नाही, ही फुलर यांच्या आयुष्यातील मोठी उणीव होय.

जिओडेसिक घुमट

१९४८ च्या उन्हाळ्यात नॉर्थ कॅरोलायनातील ब्लॅक माउंटन कॉलेजात फुलर यांनी विद्यार्थ्यांसह पट्ट्यांचा एक मोठा घुमट उभारण्याचा प्रयत्न केला. घुमट उभा राहिलाच नाही. पुढील वर्षी साहित्य बदलून तो उभा राहिला. जून १९५४ मध्ये त्यांना या रचनेचे पेटंट मिळाले. तीच जिओडेसिक घुमट या नावाने प्रसिद्ध झाली.

या घुमटाचे तत्त्व कापडावरून चांगले समजते. विणलेल्या कापडात ताणा आणि बाणा मिळून बारीक चौकोन होतात. कापड उभे किंवा आडवे ओढले तर फारसे ताणत नाही. परंतु उरेब ओढले की चौकोन तिरके होतात आणि कापड लांबते. प्रत्येक चौकोनात तिरपा तिसरा धागा घातला, तर त्याचे दोन त्रिकोण होतील आणि मग ते कोठूनही ओढले तरी आकार सोडणार नाही. फुलर यांनी गोलाच्या पृष्ठभागावर असे त्रिकोणांचे जाळे पसरले. एका बिंदूवर पडलेला भार साऱ्या जाळ्यात वाटला जातो. कोणा एका काडीला जाड असण्याची गरज राहत नाही. शिवाय दिलेल्या पृष्ठभागात सर्वांत जास्त जागा सामावणारा आकार गोल हाच आहे. घुमटाचा व्यास दुप्पट केला तर आच्छादन चौपट लागते, पण आतील जागा आठपट होते. एकमेकांचा भार वाटून घेणाऱ्या दुबळ्या काड्या मिळून बलवान छत होते, हे पाहताना जीवांनी परस्परांवर उपकार करावा या आपल्या शिकवणीची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

फोर्ड मोटर कंपनीने १९५३ मध्ये आपल्या सुवर्णमहोत्सवानिमित्त डिअरबर्न येथील गोल इमारतीच्या मोकळ्या चौकावर छत घालावयाचे ठरवले. चौकाचा व्यास ९३ फूट. नेहमीच्या पद्धतीचे पोलादी छत सुमारे १६० टनांचे झाले असते आणि जुन्या भिंतींनी ते पेलले नसते. फुलर यांनी साडेआठ टनांत काम केले. १९५६ मध्ये काबूलच्या व्यापारी जत्रेत १०० फूट व्यासाचा घुमट स्थानिक मजुरांनी दोन दिवसांत उभा केला. नट-बोल्टांवरील रंगांच्या खुणा जुळवणे एवढेच त्यांना शिकवावे लागले. १९६७ मध्ये कॅनडातील माँट्रिअलच्या जागतिक प्रदर्शनात अमेरिकेचे दालन म्हणून ७६ मीटर व्यासाचा प्रचंड गोल उभा राहिला.

या यशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शेकडो सांध्यांमुळे घुमट गळत. फोर्डचा घुमट १९६२ मध्ये छताच्या दुरुस्तीच्या वेळी लागलेल्या आगीत गेला. माँट्रिअलच्या घुमटाचे प्लास्टिकचे आवरण १९७६ मध्ये जळाले, सांगाडा तेवढा उभा राहिला. असा घुमट जर्मनीत येना येथे १९२० च्या दशकातच वॉल्टर बाउअर्सफेल्ड यांनी बांधला होता. शस्त्रांवरील खर्चास विरोध करणाऱ्या फुलर यांच्या घुमटांचे मोठे गिऱ्हाईक पुढे अमेरिकेचे सैन्यच ठरले. अनेकान्ताचा वारसा सांगणाऱ्या वाचकांनी या साऱ्या बाजू एकत्र धरूनच या मनुष्याकडे पाहावे.

अहमदाबादचा घुमट

फुलर यांच्या विचाराचा एक धागा आपल्या समाजापर्यंतही पोहोचतो. अहमदाबादचे सुप्रसिद्ध जैन उद्योगपती अंबालाल साराभाई यांची कॅलिको मिल कोणास ठाऊक नाही? त्यांचे सुपुत्र गौतम आणि कन्या गीरा या बंधुभगिनींनी १९६० च्या दशकाच्या आरंभी रिलीफ रोडवर कॅलिको कापडाच्या विक्रीचे दालन उभारले. त्यावर फुलर यांच्या रचनेवरून स्फूर्ती घेऊन घुमट घातला होता. कापडाचे ठाण उलगडावे तसा प्रकाश त्याखाली पसरत असे. गिरणीला अवकळा आली तसा घुमटही १९९० च्या दशकात मोडकळीस आला आणि २००१ च्या भूकंपाने त्या वास्तूची आणखी हानी केली. याच बंधुभगिनींचा १९६१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या उभारणीत मोठा वाटा होता. स्वतः फुलर यांनी अनेक वेळा भारतास भेट दिली, आणि १९६९ मध्ये नवी दिल्ली येथे जवाहरलाल नेहरू स्मृती व्याख्यान दिले.

पती आणि पिता

फुलर यांना आदर्श पती म्हणून रंगवण्याचा मोह अनेकांना होतो. सत्य थोडे वेगळे आहे. तरुणपणी त्यांना मद्याचे व्यसन होते. १९३० च्या सुमारास वैवाहिक निष्ठेतही ते ढळले. पुढे त्यांनी मद्य सोडले. पण जगभर व्याख्याने देत फिरणाऱ्या पतीची वाट पाहण्यात ॲन यांची कित्येक वर्षे गेली. फुलर यांच्या कल्पनांच्या पाठीशी ॲन यांची सोशिकता होती. घर अखंड ठेवण्याचे श्रेय प्रथम त्या माउलीचे, नंतर फुलर यांचे.

तथापि त्यांच्या प्रेमाविषयी शंका घेण्यास जागा नाही. अलेग्रा लहान असताना ते तिला सोनेरी केसांची मुलगी आणि तीन अस्वले यांची प्रसिद्ध गोष्ट सांगत, आणि त्या गोष्टीत हळूच आकाशातील तारे आणि विश्वाची रचना गुंफत. वृद्धपणी त्यांनी ती गोष्ट सचित्र ग्रंथरूपाने सिद्ध केली. अलेग्रा पुढे नृत्याच्या अभ्यासक आणि लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात प्राध्यापिका झाल्या. वडिलांच्या कार्याचा वारसा त्यांनी २०२१ मध्ये निधन होईपर्यंत जपला.

१९५९ पासून फुलर इलिनॉय राज्यातील कार्बनडेल येथे विद्यापीठात अध्यापन करू लागले. तेथे एप्रिल १९६० मध्ये लाकडी फळ्यांच्या ६० त्रिकोणांचा एक लहान घुमट सुमारे सात तासांत उभा राहिला. या घरात फुलर दांपत्य १९७१ पर्यंत राहिले. इतक्या घुमटांच्या जनकाने स्वतःच्या मालकीचा म्हणून राहण्यास घेतलेला हा एकमेव घुमट. त्यांची कीर्ती पाहता मोठा वाडा त्यांना अशक्य नव्हता. परंतु जे घर इतरांना सुचवले, त्यातच त्यांनी पत्नीसह संसार केला. माँट्रिअलचा भव्य गोल उभा राहिला त्या १९६७ साली त्यांच्या विवाहास पन्नास वर्षे पूर्ण झाली. तो गोल म्हणजे ॲनसाठी आपल्या हातून नकळत घडलेला ताजमहाल होय, असे फुलर मानीत.

अखेर

१९८३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेने त्यांना स्वातंत्र्यपदक हा सर्वोच्च नागरी सन्मान दिला. त्याच वर्षी ॲन यांची प्रकृती ढासळली. लॉस एंजेलिस येथील रुग्णालयात त्या बेशुद्धावस्थेत होत्या. १ जुलै रोजी फुलर त्यांच्या उशाशी हात धरून बसले होते. पत्नीने आपला हात दाबल्याचे जाणवून ते उठून उभे राहिले, आणि त्याच वेळी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. थोड्याच वेळात त्यांचे निधन झाले. छत्तीस तासांनी ॲन यांनीही देह ठेवला. अवघ्या अकरा-बारा दिवसांवर विवाहाचा सहासष्टावा वाढदिवस होता. केंब्रिज येथील माउंट ऑबर्न स्मशानभूमीत दोघे शेजारी विसावले आहेत. पुढे १९८५ मध्ये शास्त्रज्ञांना साठ कर्बाणूंचा एक पोकळ गोल रेणू सापडला. त्याची घडण घुमटासारखी पाहून त्यास फुलर यांचे नाव देण्यात आले. १९९६ मध्ये त्या शोधास नोबेल पारितोषिक लाभले.

आपल्यासाठी बोध

फुलर यांचे स्वस्त घर घरोघर पोहोचले नाही. त्या अर्थी त्यांचा मुख्य संकल्प अपुराच राहिला. परंतु त्यांनी मागे ठेवलेला प्रश्न जुना झालेला नाही. उलट वाळू, सिमेंट, पाणी आणि वीज यांची टंचाई भोगणाऱ्या आपल्या पिढीला तो अधिकच लागू पडतो. पन्नास वर्षे पूर्ण करणारी कोणतीही धर्मादाय संस्था पुढील काळात काही ना काही बांधणारच. वसतिगृह, धर्मशाळा, दवाखाना, सभागृह अशा वास्तूंचे नकाशे जेव्हा विश्वस्तांसमोर येतील, तेव्हा खर्चाच्या आकड्याशेजारी आणखी दोन आकडे मांडले जावेत, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते. एक, या वास्तूत किती द्रव्य खर्ची पडणार. आणि दोन, तिच्या छायेत किती जीव विसावणार. पहिला आकडा जितका लहान आणि दुसरा जितका मोठा, तितके ते बांधकाम अपरिग्रहाच्या अधिक जवळ.

एका मुलीच्या रिक्त हाताचे दुःख ज्याने जगाच्या निवाऱ्याच्या चिंतेत पालटले, त्या गृहस्थास या स्मरणिकेच्या पानांवरून आदरपूर्वक वंदन.

जय जिनेंद्र!